सायलेन्सरचं काम झालं आणि गाडीत इलेक्ट्रिकल बिघाड आला: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मॅनिफोल्ड (इंजिनाला जोडलेला धुराचा पहिला पाइप), कॅटालिटिक कन्व्हर्टर (विषारी धूर साफ करणारा भाग, पुढे नुसता 'कॅट'), मधला पाइप किंवा मागचा डबा बदलला, फाटका आवाज गेला, आणि लगेच डॅशबोर्डवर एखादा दिवा पेटला. किंवा फ्यूज उडायला लागला, सेल्फ मंद पडला. अशा तक्रारींबरोबर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं मुख्यतः पेट्रोल गाड्यांना धरून आहेत, डिझेलसाठी प्रश्न १८ पाहा. घाई असेल तर किमान प्रश्न ३ आणि ५ वाचा. विनाकारण विकत घेतले जाणारे सेन्सर बहुतेक वेळा त्या दोन पायऱ्या गाळल्यामुळेच घेतले जातात.

१. सायलेन्सर म्हणजे नुसता लोखंडी पाइप. तो बदलल्यावर इलेक्ट्रिकल बिघाड कसा काय होतो?

पाइपात वीज नसते, पण त्याच्या वाटेवर वायरी भरपूर असतात. इंजिनाजवळ ऑक्सिजन सेन्सरच्या (धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरच्या) वायरी, सेल्फची जाड केबल, क्रँक सेन्सर आणि रिव्हर्स स्विचची वायर, इंजिनाची अर्थ पट्टी (अर्थ म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतायची विजेची वाट). मागे गेलं की पेट्रोल पंपाची आणि एबीएस सेन्सरची वायर. पाइप उतरवताना यातलं काहीतरी बाजूला करावं लागतं, ओढलं जातं किंवा सोडून ठेवलं जातं. बसवताना क्लिप राहते, पट्टी राहते, हीट शील्ड (पाइपाची उष्णता अडवणारा पत्रा) राहते. नंतर पाइप तापतो आणि सैल राहिलेली वायर त्यावर टेकून वितळते.

म्हणून अशा बिघाडाचा शोध गाडीभर घ्यायचा नसतो. जिथे हात लागले आणि जिथे नवी उष्णता पोहोचली, तेवढाच पट्टा आधी बघायचा.

२. बिघाड या कामामुळेच झाला की योगायोगाने, हे कसं ओळखू?

दोन गोष्टी जुळवून बघा. पहिली वेळ: काम झाल्यावर पहिल्या काही फेऱ्यांत आला का? दुसरी जागा: बिघडलेल्या भागाची वायर पाइपाच्या जवळून जाते का? दोन्ही उत्तरं 'हो' असतील तर संशय कामावरच घ्या. समोरचा हॉर्न बंद पडला आणि काम झालं मागच्या डब्याचं, तर तो हॉर्नचाच दोष असण्याची शक्यता जास्त.

एक अपवाद आहे. कामासाठी बॅटरी सोडली असेल, तर पाइपापासून लांबच्या गोष्टींतही फरक पडतो (प्रश्न १६).

३. माझ्याकडे स्कॅनर नाही, मल्टिमीटर नाही. फक्त टॉर्च आहे. काय बघू?

टॉर्च पुरते. पाइप पूर्ण थंड होऊ द्या. गाडीखाली जायचं असेल तर नुसत्या जॅकवर विसंबू नका, खाली स्टँड लावा.

मग एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जा. प्रत्येक ऑक्सिजन सेन्सर पाइपात जिथे बसतो तिथून त्याची वायर बोटाने धरून कनेक्टरपर्यंत जा. कनेक्टर त्याच्या मूळ क्लिपमध्ये अडकवलेला आहे का? त्याची कडी 'टक' करून पूर्ण बसली आहे का? बाहेरून बसल्यासारखा दिसणारा कनेक्टर अर्धवट राहिलेला असू शकतो, म्हणून तो हलक्या हाताने ओढून बघा. वायरीला पीळ पडलेला दिसतो का? कनेक्टर न सोडता सेन्सर फिरवून बसवला की वायर दोरीसारखी वळते. आतली तार तुटते, वरचं आवरण मात्र शाबूत दिसतं.

वितळलेली वायर ओळखायला सोपी असते. जिथे ती पाइपाला टेकली तिथे आवरण चपटं आणि चकचकीत झालेलं दिसतं, कडेला काळपट थेंब असतो, आणि पाइपावर त्याच जागी जळलेल्या प्लॅस्टिकचा डाग असतो. वायर बाजूला सरकली असली तरी हा डाग तिथेच राहतो. वायर सापडली नाही तरी डाग शोधा.

शेवटी रिकामे बोल्ट आणि भोकं बघा. इंजिनाजवळ एखादा बोल्ट नवा आणि त्याच्या शेजारी लोंबकळणारी जाळीदार पट्टी दिसली, तर सरळ प्रश्न ९ वर जा.

४. चेक इंजिनचा दिवा लागलाय. गाडी चालवली तर चालेल का?

दिवा स्थिर असेल, गाडी नेहमीसारखी ओढत असेल, जळका वास नसेल आणि तापमानाचा काटा जागेवर असेल, तर गॅरेजपर्यंत जायला हरकत नाही. दिवा लुकलुकत असेल तर एखादा सिलिंडर नीट पेटत नाहीये. न जळलेलं पेट्रोल कॅटमध्ये जाऊन पेटतं आणि नवा कोरा कॅट आतून वितळू शकतो, तेव्हा अशा वेळी गाडी थांबवा.

जळक्या प्लॅस्टिकचा वास येत असेल तर दिव्याकडे बघतही बसू नका. इंजिन बंद करा. केबिनमध्ये धुराचा वास येत असेल तर सांध्यातून गळती आहे. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो आणि त्याला स्वतःचा वास नसतो.

५. स्कॅनरवर पी०१३५ आला. म्हणजे ऑक्सिजन सेन्सर गेला ना? नवा मागवू का?

थांबा. कोड (गाडीने नोंदवलेला बिघाडाचा क्रमांक) सर्किटचं नाव सांगतो, कोणता भाग खराब आहे ते सांगत नाही. पी०१३५ चा अर्थ एवढाच, की पहिल्या बँकच्या (इंजिनाच्या एका बाजूच्या सिलिंडरांच्या) पहिल्या, म्हणजे कॅटच्या आधीच्या, सेन्सरच्या हीटर सर्किटमध्ये कंट्रोल युनिटला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) अपेक्षित प्रवाह दिसला नाही. त्या सर्किटमध्ये फ्यूज आहे, रिले आहे, वायर आहे, कनेक्टर आहे, सेन्सरमधला हीटर आहे आणि शेवटी कंट्रोल युनिटमधला स्विच आहे. सायलेन्सरचं काम नुकतंच झालं असेल तर मधल्या वायर आणि कनेक्टरवर पहिला संशय घ्यायचा. सेन्सर त्यानंतर.

हीटर लागतो कशाला? साध्या झिर्कोनिया सेन्सरचं टोक साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या वर गेल्याशिवाय तो कामाचा सिग्नल देत नाही. धुराच्या उष्णतेने तिथवर पोहोचायला वेळ लागतो, म्हणून आत हीटर दिलेला असतो. तो बंद असला तरी गाडी चालते, पण थंड इंजिनाला बराच वेळ अंदाजाने पेट्रोल दिलं जातं.

कोडचा शेवटचा आकडा नीट वाचला तर बिघाडाची जात कळते:

- पी००३१: पहिल्या सेन्सरच्या हीटर कंट्रोलवर व्होल्टेज कमी. कंट्रोलची वायर बॉडीला किंवा पाइपाला टेकली असेल, किंवा हीटरला पुरवठाच पोहोचत नसेल (म्हणजे फ्यूज).
- पी००३२: त्याच जागी व्होल्टेज जास्त. कंट्रोलची वायर १२ व्होल्टच्या वायरीला चिकटली असण्याची शक्यता.
- पी०१३१: सिग्नल सतत कमी. सिग्नलची वायर अर्थ झाली असेल, किंवा गळती असेल (प्रश्न १३).
- पी०१३२: सिग्नल सतत जास्त. दोन वितळलेल्या वायरी एकमेकींना चिकटल्या की हीटरचा पुरवठा सिग्नलमध्ये शिरतो आणि हा कोड येतो.
- पी०१३४: सेन्सर काहीच बोलत नाही. आधी कनेक्टर बघा, तो बसवायचाच राहून गेलेला असू शकतो.

कॅटच्या मागच्या सेन्सरसाठी याच जातीचे कोड पी००३७, पी००३८, पी०१३७, पी०१३८ आणि पी०१४१ असे असतात.

६. हीटर चांगला आहे का, हे मल्टिमीटरने कसं तपासू?

इग्निशन बंद करून कनेक्टर सोडा. चार वायरींच्या सेन्सरमध्ये हीटरच्या दोन वायरी बहुधा एकाच रंगाच्या असतात, पुष्कळदा पांढऱ्या. सेन्सरच्या बाजूने त्या दोन पिनांमध्ये रोध मोजा. थंड सेन्सरला बहुतेक वेळा काही ओहम ते पंधरा-वीस ओहम एवढा रोध दिसतो. नेमका आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या. मीटर अनंत दाखवत असेल तर हीटर किंवा त्याची वायर तुटली आहे. जवळजवळ शून्य असेल तर आत शॉर्ट आहे.

मोजता मोजता वायर हळूच वाकवा, पीळ उलगडा. आकडा उड्या मारायला लागला तर हीटर शाबूत आहे आणि तार तुटली आहे.

मग इग्निशन चालू करून गाडीच्या बाजूच्या कनेक्टरवर पुरवठा बघा. हीटरच्या एका पिनवर बॅटरीएवढं व्होल्टेज यायला हवं. काही गाड्यांत हा पुरवठा इंजिन चालू झाल्यावरच येतो, त्यामुळे लगेच फ्यूजला दोष देऊ नका. दुसऱ्या पिनवर कायमचा अर्थ सापडणार नाही, कारण तो अर्थ कंट्रोल युनिट चालू-बंद करत असतं.

मीटरची जाड सुई कनेक्टरच्या आत खुपसू नका. पिन फाकते आणि मूळ बिघाडात स्वतःची भर पडते. मागच्या बाजूने बारीक सुई सरकवा.

७. फ्यूज बदलला की पुन्हा उडतो. मोठा फ्यूज टाकू का?

नाही, कधीच नाही. १५ अँपिअरच्या जागी ३० टाकला तर फ्यूज टिकेल आणि वायर जळेल, तीही पाइप आणि पेट्रोलच्या नळीच्या शेजारी.

फ्यूज पुन्हा पुन्हा उडतोय म्हणजे पुरवठ्याची वायर कुठेतरी लोखंडाला टेकली आहे. पाइप इंजिनाला बोल्टने जोडलेला असतो, त्यामुळे तो आपसूक अर्थ असतो.

शॉर्ट शोधायची माझ्या मते सगळ्यात समंजस पद्धत टेस्ट लॅम्पची आहे. उडालेला फ्यूज काढा आणि त्याच्या दोन खाचांमध्ये साधा तारेचा बल्ब जोडा. साधारण २१ वॅटचा चालतो, एलईडी नको. इग्निशन चालू करा. शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटेल. बल्ब प्रवाह आवरून धरतो, त्यामुळे वायर जळत नाही आणि फ्यूजही वाया जात नाहीत. आता त्या फ्यूजवरचे कनेक्टर एकेक सोडत जा, सुरुवात ऑक्सिजन सेन्सरपासून. ज्याला सोडल्यावर बल्ब विझेल किंवा एकदम मंद होईल, दोष त्याच्या पुढे आहे. सगळे कनेक्टर सोडूनही बल्ब पेटलेलाच राहिला, तर दोष गाडीच्या मूळ वायरिंगमध्ये आहे. मग पाइपाला लागून जाणारं हार्नेस (वायरींचा जुडगा) हाताने हलवत पुढे सरका आणि बल्ब कुठे लुकलुकतो ते बघा.

बल्ब मंद पेटणं हे शॉर्टचं लक्षण नव्हे. त्या फ्यूजवरची नेहमीची उपकरणंही थोडा प्रवाह घेतात. एअरबॅगच्या सर्किटवर हा प्रयोग चुकूनही करू नका. त्याचे कनेक्टर बहुधा पिवळे असतात.

८. सेन्सरचा फ्यूज उडाला तर गाडी सुरूच कशी होत नाही? सेन्सरशिवाय तर ती चालते ना?

चालते. पण बऱ्याच गाड्यांत सेन्सरच्या हीटरचा फ्यूज एकट्याचा नसतो. त्याच फ्यूजवर हवा मोजणारा सेन्सर, पेट्रोलच्या वाफेचा पर्ज व्हॉल्व्ह, काही गाड्यांत इंजेक्टर किंवा इग्निशन कॉइलही असते. हीटरची वायर पाइपाला टेकली की सगळं एकदम बंद पडतं, आणि शोध पेट्रोल पंपाच्या दिशेने भरकटतो. एकाच वेळी एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच कोड आले तर फ्यूजबॉक्सच्या झाकणावरचा तक्ता आधी वाचा. ते सगळे एकाच फ्यूजवर असतील तर बिघाडही एकच आहे, आणि तो शोधायची पद्धत प्रश्न ७ मध्ये दिली आहे.

९. मॅनिफोल्डचं काम झाल्यापासून सेल्फ मंद फिरतो, हेडलाइट दबतात. बॅटरी नवी आहे. काय झालं असेल?

इंजिनाची अर्थ पट्टी. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणजे बॉडीपासून विजेच्या दृष्टीने वेगळं. बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतणारा प्रवाह एका जाड केबलमधून किंवा जाळीदार पट्टीतून जातो. या पट्टीचं एक टोक काही गाड्यांत मॅनिफोल्डच्या किंवा हीट शील्डच्या आसपासच्या बोल्टखालीच असतं. शील्ड काढताना ती सुटते आणि परत लावायची राहते, किंवा रंग आणि गंजावर कसली जाते.

हा दोष हलक्यात घेऊ नका. पट्टी नसली की सेल्फचा शेकडो अँपिअरचा प्रवाह दुसरी वाट शोधतो: गिअरची केबल, एखाद्या सेन्सरची बारीक अर्थ वायर. गिअरची केबल गरम लागली किंवा तिचं आवरण मऊ झालेलं दिसलं, तर निदान तिथेच झालं.

मोजायचं असं. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, एक सुई इंजिनाच्या उघड्या धातूवर, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, म्हणजे क्लॅम्पवर नव्हे तर प्रत्यक्ष खांबावर. दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. ०.२ व्होल्टच्या आसपास किंवा कमी आलं तर अर्थ चांगला आहे. अर्धा व्होल्ट किंवा जास्त आलं तर त्या वाटेत अडथळा आहे. पट्टीच्या दोन्ही टोकांची जागा चकचकीत होईपर्यंत घासा, कसा, पुन्हा मोजा.

तात्पुरती खात्री हवी असेल तर जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं इंजिनाच्या धातूला लावा. सेल्फ लगेच जोरात फिरला तर बॅटरी आणि सेल्फ दोन्ही निर्दोष आहेत.

१०. वितळलेली वायर कापून जोडली. टेप गुंडाळली. चालेल ना?

टेप चालणार नाही. पाइपाजवळच्या उष्णतेत तिचा गोंद वितळतो आणि ती उलगडते. उष्णता सहन करणारी वायर, दाबून बसवायचा जोड आणि वर उष्णतेने आवळणारी नळी वापरा. जोड पाइपापासून शक्य तितका लांब ठेवा.

जोड सोल्डर करायचा मोह आवरा. पुष्कळ झिर्कोनिया सेन्सर तुलनेसाठी बाहेरची हवा आत घेतात आणि ती वायरीच्या तारांमधल्या फटीतून येते. सोल्डर आत झिरपला की ती वाट बंद होते. याच कारणासाठी या कनेक्टरमध्ये ग्रीस भरू नये, स्प्रे मारू नये.

वाइडबँड सेन्सर (मिश्रणाचं नेमकं प्रमाण मोजणारा ऑक्सिजन सेन्सर) असेल तर जुना कनेक्टर कापून नव्या सेन्सरला जोडायचा नाही. अशा बऱ्याच सेन्सरच्या कनेक्टरमध्ये त्या एका सेन्सरसाठी कारखान्यात जुळवलेला रेझिस्टर असतो. कनेक्टर बदलला की सेन्सर नवा असूनही माप चुकतं.

११. कनेक्टर एकमेकांत अदलाबदल झाले असतील का?

दोन सारखे कनेक्टर शेजारी आले तर होऊ शकतं. व्ही आकाराच्या इंजिनात दोन बँकांचे पुढचे सेन्सर अदलाबदल झाले, तर स्कॅनरवर ठळक चित्र दिसतं: एका बँकचा फ्यूएल ट्रिम (कंट्रोल युनिट पेट्रोल किती वाढवतं-कमी करतं त्याचं माप) वर वर चढत जातो, दुसऱ्याचा खाली खाली. कंट्रोल युनिट एका बाजूचं पेट्रोल वाढवतं आणि परिणाम दुसऱ्या बाजूच्या सेन्सरवर बघतं, त्यामुळे ते कधीच स्थिरावत नाही. पहिली बँक म्हणजे ज्या बाजूला एक नंबरचा सिलिंडर आहे ती.

एकाच बँकचे पुढचा आणि मागचा अदलाबदल होणं कमी दिसतं, कारण वायरीची लांबी किंवा कनेक्टरचा आकार बहुधा वेगळा असतो.

१२. माझ्या जुन्या गाडीच्या सेन्सरला एकच वायर आहे. तिथे काय बघायचं?

एक वायर म्हणजे फक्त सिग्नल. अर्थ सेन्सरच्या आट्यांतून पाइपात आणि पाइपातून इंजिनात जातो. तीन वायरींच्या बऱ्याच सेन्सरमध्येही सिग्नलचा अर्थ असाच मिळतो. नवा पाइप बसवताना सांध्यांत पेस्ट भरली, जाड गॅसकेट टाकलं, बोल्ट गंजलेले राहिले, तर ही वाट कमकुवत होते आणि सिग्नल भरकटतो. सेन्सरच्या बॉडीपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत इंजिन चालू असताना व्होल्टेज मोजा. ते शून्याला लागून असायला हवं, कारण ज्याचा पूर्ण सिग्नलच एक व्होल्टच्या आत आहे त्याला पाव व्होल्टची गडबडसुद्धा पुष्कळ होते.

१३. वायरिंग सगळं ठीक आहे, तरी पी०१७१ (मिश्रण पातळ, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी) किंवा पी०१३१ येतो. आता?

आता सांधा तपासा. धूर पाइपातून लाटांनी जातो. दोन लाटांच्या मधे दाब खाली जातो आणि सेन्सरच्या आधी बारीक फट असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला जास्त ऑक्सिजन दिसतो, मिश्रण पातळ आहे असं वाटून कंट्रोल युनिट पेट्रोल वाढवतं. सेन्सर खरं बोलतोय, त्याच्यासमोर आलेली हवाच परकी आहे.

थंड इंजिन सुरू करून लगेच मॅनिफोल्डच्या गॅसकेटपाशी टकटक आवाज ऐका. गरम झाल्यावर धातू फुगतो आणि आवाज लपतो. सांध्याभोवती काजळीचा पट्टा दिसला तर शोध संपला.

सांधा बंद करताना साधं सिलिकॉन वापरू नका. त्याची वाफ सेन्सरच्या टोकावर बसून तो कायमचा निकामी करते. सेन्सरला अपाय न करणारं म्हणून लिहिलेलंच घ्या.

१४. नवा कॅट बसवला आणि पी०४२० आला. हा इलेक्ट्रिकल बिघाड आहे का?

क्वचित. मागच्या सेन्सरचा सिग्नल पुढच्यासारखा भराभर वरखाली होतोय, म्हणजे कॅट ऑक्सिजन साठवत नाही असा कंट्रोल युनिटचा निष्कर्ष असतो. कॅट हलक्या प्रतीचा असेल, मागच्या सेन्सरजवळ गळती असेल, किंवा मागचा सेन्सर थकला असेल. आधी गळती बघा, तो सगळ्यात स्वस्त दोष आहे.

मागच्या सेन्सरला लांबी वाढवणारा तुकडा लावून दिवा विझवायचा सल्ला तुम्हाला मिळेल. तो मानू नका. कॅट काम करत नसेल तर विषारी धूर तसाच बाहेर जात राहतो, फक्त दिवा लागत नाही.

१५. पाइप गाडीवरच वेल्डिंग केला. त्यानंतर विचित्र बिघाड यायला लागले. संबंध आहे का?

असू शकतो. डबा आणि पाइप रबरी हँगरवर लटकलेले असतात. वेल्डिंगचा अर्थ क्लॅम्प बॉडीला लावला, तर पाइपातला प्रवाह इंजिन, अर्थ पट्ट्या आणि सेन्सरच्या वायरींतून वाट काढत बॉडीपर्यंत येतो. त्यात ऑल्टरनेटरचे डायोड आणि कंट्रोल युनिट धोक्यात येतात. खरी पद्धत पाइप उतरवून वेल्डिंग करण्याची. ते शक्यच नसेल तर बॅटरी सोडायची, सेन्सर पाइपातून काढायचा आणि क्लॅम्प वेल्डिंगच्या अगदी जवळ, त्याच पाइपावर लावायचा.

झालं असेल तर आधी चार्जिंग मोजा. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.७ व्होल्ट हवेत. नव्या गाड्यांतलं नियंत्रित चार्जिंग काही वेळ याखालीही जातं. मग मीटर एसी व्होल्टवर करून बघा. अर्ध्या व्होल्टच्या पुढे एसी दिसला तर डायोड गेल्याची शंका घ्या.

१६. काम झाल्यावर कोड नाही, पण आयडलिंग वरखाली होतं, काचा एका झटक्यात वर जात नाहीत. काय बिघडलं?

बहुधा काहीच नाही. बॅटरी सोडल्याने शिकून ठेवलेली मापं पुसली गेली. थ्रॉटलचं आयडल काही गाड्यांत थोडं चालवल्यावर आपोआप जुळतं, काहींत ठरलेली पायरी करावी लागते. काचेसाठी पुष्कळ गाड्यांत काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद तसंच धरून ठेवलं की पुरतं.

१७. बिघाड गाडी गरम झाल्यावरच येतो. गॅरेजमध्ये गेलं की सगळं ठीक. कसं पकडायचं?

हा प्रकार सायलेन्सरच्या कामानंतर फार दिसतो. कारण बहुधा हीट शील्ड: गंजलं म्हणून फेकून दिलं, किंवा खडखडतं म्हणून काढलं. त्यामागचं हार्नेस किंवा सेल्फचा सोलेनॉइड (सेल्फला प्रवाह जोडणारा स्विच) आता थेट भाजतो. गरम असताना सेल्फ फक्त 'टिक' करतो आणि थंड झाल्यावर नीट फिरतो, हे त्याचं नेहमीचं लक्षण. शील्ड परत बसवा. आवाजावर इलाज क्लिप बदलण्याचा आहे, शील्ड काढण्याचा नाही.

पकडण्यासाठी कोडबरोबर साठवलेली फ्रीझ फ्रेम वाचा. बिघाडाच्या क्षणी इंजिनाचं तापमान, वेग आणि भार किती होता ते तिथे असतं. मग लाइव्ह डेटा चालू ठेवून गाडी तेवढी तापवा आणि हार्नेस लांब लाकडी दांडीने हलवत आकड्यांवर लक्ष ठेवा. गरम पाइपाजवळ हात घालू नका.

१८. माझी गाडी डिझेल आहे. मला वेगळं काय बघावं लागेल?

बरंच काही. डीपीएफच्या (डिझेलच्या धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरच्या) आधी आणि नंतर दाब मोजणाऱ्या दोन बारीक नळ्या असतात. त्या उलट लागल्या किंवा एखादी वितळली तर काजळीचा हिशेब चुकतो आणि बिघाड सेन्सरचा वाटतो. धुराचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरची धातूची शेपटी जास्त वाकवली तर आतून तुटते. एनओएक्स सेन्सर (धुरातले नायट्रोजन ऑक्साइड मोजणारा) आणि त्याचं छोटं कंट्रोल युनिट एकाच न सुटणाऱ्या केबलने जोडलेलं असतं. ती केबल कापून लांबवायची नसते. आणि डीपीएफ नवा बसवला तर ते कंट्रोल युनिटला स्कॅनरने सांगावं लागतं, नाहीतर ते जुन्याच राखेच्या हिशेबावर चालत राहतं.

१९. काम मागच्या डब्याचं झालं आणि एबीएसचा दिवा लागला. काय संबंध?

मागच्या चाकाच्या सेन्सरची वायर पुष्कळ गाड्यांत एक्सलवरून, डब्याच्या शेजारून जाते. हँगर सोडल्यावर डबा एकदम खाली आला तर ती ओढली जाते. क्लिप बघा, चाकाजवळचा कनेक्टर बघा. नंबर प्लेटचा दिवा, मागचे पार्किंग सेन्सर किंवा इंधनाचा काटा बिघडला असेल तरी हाच पट्टा तपासा. दिवा जाईपर्यंत ब्रेक जपून लावा. साधे ब्रेक लागतात, पण जोरात दाबले तर चाकं लॉक होऊ शकतात.

२०. कोड पुसला, दिवा गेला. म्हणजे दुरुस्त झालं?

अजून सांगता येत नाही. कोड पुसल्यावर कंट्रोल युनिट स्वतः करत असलेल्या तपासण्याही शून्यावर येतात. हीटरची तपासणी लवकर पूर्ण होते, कॅटची मात्र थंड सुरुवात आणि स्थिर वेगाचं चालवणं मिळाल्याशिवाय होत नाही. स्कॅनरवर तपासण्या 'पूर्ण' दिसल्या आणि प्रलंबित (अजून पक्का न झालेला) कोड नसेल, तेव्हाच दुरुस्ती पक्की समजा. पुसण्याआधी कोड आणि फ्रीझ फ्रेमचा फोटो काढून ठेवा. गॅरेजवाल्यांशी बोलताना तोच उपयोगी पडतो.

२१. सेन्सर नवा, फ्यूज नवा, वायर सलग आहे. तरी हीटरचा कोड येतोच. कंट्रोल युनिट बदलू का?

आधी त्याचा स्विच खरंच मेला आहे का ते सिद्ध करा. कंट्रोलची वायर कधी थेट १२ व्होल्टला चिकटली असेल, तर आतला ट्रान्झिस्टर जाऊ शकतो. तेवढ्या एकाच परिस्थितीत हा संशय रास्त आहे.

कोड पुसा, कारण दोष दिसल्यावर काही कंट्रोल युनिट तो स्विच स्वतःच बंद ठेवतात. सेन्सरचा कनेक्टर सोडून गाडीच्या बाजूच्या हीटरच्या दोन पिनांमध्ये ५ वॅटचा बल्ब जोडा आणि इंजिन सुरू करून गरम होऊ द्या. थंडपणी ओलाव्यापासून सेन्सर वाचवण्यासाठी हीटर काही वेळ रोखून धरला जातो, म्हणून घाई नको. बल्ब पेटला किंवा लुकलुकला तर कंट्रोल युनिट ठीक आहे, आणि कनेक्टरच्या फाकलेल्या पिनांकडे परत जा. अजिबात पेटला नाही, पुरवठा येतोय आणि कंट्रोलची वायर युनिटच्या पिनपर्यंत सलग आहे, तर मात्र दोष आत आहे. तेव्हाही पूर्ण युनिट बदलण्याआधी इलेक्ट्रॉनिक दुरुस्ती करणाऱ्याला दाखवा. पुष्कळदा तेवढा एक भाग बदलता येतो, आणि चावीचं कोडिंग पुन्हा करण्याची वेळ येत नाही.